ज्यानं ब्रेक जोडला

१

आयुष्यभर दुपारच्या झोपेला नावं ठेवणाऱ्या माणसाला निवृत्त झाल्यावर तिचंच व्यसन लागतं. वायरवाल्यांना ते लागून बरीच वर्षं झाली होती. जेवण, मग वर्तमानपत्रातलं शब्दकोडं, मग चष्मा छातीवर आणि डोळे मिटलेले, मग चहा. हल्ली चहानंतर एका कामाची भर पडली होती. पुढच्या खोलीतली स्कूटर.

वायरवाले हे त्यांचं आडनाव नव्हे. स्कूटर जोडणीच्या कारखान्यात त्यांनी उभी नोकरी एकाच कामात काढली, गाडीत वायरी ओवण्याच्या. क्लचची, गिअरच्या दोन आणि शेवटी ब्रेकची. कारखाना बंद पडला, शेड पाडली, तिथे कपड्यांचं दुकान झालं, तेही बंद पडलं. नाव मात्र टिकलं. बायको एरवी 'अहो' म्हणायची आणि रागावली की 'वायरवाले'.

स्कूटर गोण्यांतून आली. आणणारा दातांचा डॉक्टर होता. जुन्या स्कूटरींवर त्याचा इतका जीव, की खुर्चीत पेशंट तोंड उघडून बसलेला असताना हा फोनवर मडगार्डची चौकशी करायचा. कुठल्याशा बंद गोदामात त्याला 'बगळी' सुटी सापडली होती. बगळी हे कारखान्यातलं नाव. पांढरी, लांब मानेची, स्टँडवर कलून उभी राहायची. खरं नाव परदेशी होतं आणि ते उच्चारायच्या भानगडीत मॅनेजरसुद्धा पडत नसत.

"काका, ही गाडी जगात फक्त तुमच्या कारखान्यात जोडली गेली," डॉक्टर म्हणाला. "बनवणारी कंपनी बुडाली. जोडणारा कारखाना बुडाला. जोडता येणारा माणूस आता एकच राहिलाय."

"म्हणजे बुडायचा राहिलेला," वायरवाले म्हणाले.

सोफा उभा करून बोळात गेला, जमिनीवर जुनी चादर अंथरली गेली, तिच्यावर भाग ओळीनं मांडले गेले. वायरवाल्यांना घाई नव्हती. रोज एखादा भाग घासायचा, तेल द्यायचं, हातात धरून बसायचं. बायको म्हणायची, "माझा हात कधी इतका वेळ धरला नाहीत."

त्या दिवशी चहा घेऊन ते पुढच्या खोलीत आले, तेव्हा पुढचा दांडा सांगाड्यात बसलेला होता. सकाळी तो चादरीवर होता. निदान त्यांना तसं आठवत होतं. दांडा हलू नये म्हणून सांगाड्याला सुतळीनं बांधलेला होता, दोन वेढे आणि वर सुरगाठ. आपणच बसवला असणार, ते मनाशी म्हणाले. दुसरं कोण बसवणार? त्यांनी चहाचा घोट घेतला आणि कप धरलेल्या हाताकडे पाहिलं. हात स्वच्छ होता. नखांतसुद्धा ग्रीस नव्हतं.

२

हे दुसऱ्या कुणाच्या घरी घडलं असतं तर हसण्यावारी गेलं असतं. वायरवाल्यांच्या घरी जाण्यासारखं नव्हतं, कारण लेक टपून बसली होती. गेल्या वेळी ती आली तेव्हा त्यांनी दूध उतू घालवलं, किल्ली कुलपातच ठेवून फिरायला गेले आणि जावयाला त्याच्या धाकट्या भावाच्या नावानं हाक मारली. तिसरी गोष्ट मुद्दाम केली होती, पण ते सांगायची सोय नव्हती.

"बाबा, पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे जायचंय, लक्षात आहे ना?" लेक फोनवर म्हणाली.

"दातांच्या?"

"बाबा."

"लक्षात आहे गं. डोक्याच्या."

"ते काय म्हणतात ते बघू, आणि मग तुम्ही दोघं इकडेच या राहायला. घर बंद करून टाकू. आईला एकटीला झेपणार आहे का सगळं?"

घर बंद करून टाकू. डबा बंद करावा तसं बोलली. फोन ठेवल्यावर वायरवाले बराच वेळ बोळातल्या उभ्या सोफ्याला टेकून राहिले. आपण एखादं काम करतो आणि विसरतो, एवढं जरी डोक्याच्या डॉक्टरला कळलं तरी खेळ खलास. मग सातव्या मजल्यावरची खोली, गॅलरीत खुर्ची आणि जावयाशी हवापाण्याच्या गप्पा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःवरच पहारा बसवला. पान्यांची पेटी स्वतःच्या पलंगाखाली सरकवली, पुढच्या खोलीला बोळाच्या बाजूनं कुलूप लावलं आणि किल्ली बायकोच्या डब्यांमागे लपवली. हेतू असा, की झोपेत उठलोच तर डबे तरी पडतील.

डबे पडले नाहीत. चहानंतर कुलूप उघडलं, तर इंजिन सांगाड्यात बसलेलं होतं.

ते एकट्या माणसानं उचलण्यासारखं नव्हतंच. गोणीतून बाहेर काढायलाच डॉक्टर आणि त्याचा ड्रायव्हर असे दोघं लागले होते. म्हणजे हे काम आपलं नाही. आपण काही विसरत नाही. वायरवाल्यांना या गोष्टीचा इतका आनंद झाला, की दुसऱ्या गोष्टीची भीती वाटायला चहा संपेपर्यंत वेळ लागला.

मग ते वाकले. इंजिनाच्या झाकणावरच्या सगळ्या स्क्रूंच्या खाचा एका दिशेला होत्या, उभ्या, कवायतीला उभ्या केल्यासारख्या. इंजिनावर बसणाऱ्या माणसाला कारखान्यात पंडित म्हणत. स्क्रू घट्ट झाला तरी खाच उभी येईपर्यंत पंडितांचं समाधान होत नसे. त्यावरून सगळे त्यांची टर उडवायचे. पंडितांना स्मशानात पोचवायला वायरवाले स्वतः गेले होते.

आणि सुतळी. मालाच्या पेट्यांवरची सुतळी जपून ठेवून पुढचा दांडा तिनं बांधायची खोड कारखान्यातल्या जाड्याची, आणि जाड्याही गेलेला. घरात सुतळी नव्हतीच. त्यांनी काल विचारायला हवं होतं, ती आली कुठून.

३

कारखाना म्हणजे एक लांब पत्र्याची शेड. एका टोकाला लाकडी पेट्या यायच्या, बोटीतून, पेंढ्यात आणि मेणकागदात गुंडाळलेल्या. दुसऱ्या टोकाला स्कूटर बाहेर पडायची. मधे चाकांचा एक गाडा, त्यावर सांगाडा, आणि गाडा ढकलत एकाकडून दुसऱ्याकडे. जाड्या, पंडित, मग चाकं लावणारा मुका (तो अखंड बोलायचा, म्हणून मुका), मग वायरवाले.

पेटीबरोबर पुस्तक यायचं, ते कुणालाही न येणाऱ्या भाषेत. मास्तर, म्हणजे शेडचे फोरमन, त्यातली चित्रं बघून काम लावत. एका चित्रात हँडल समोरून काढलं होतं की मागून, यावर मास्तरांचा अंदाज चुकला आणि पहिल्या सगळ्या गाड्यांचे गिअर उलटे बसले. चूक कळली तेव्हा गाड्या विकून झाल्या होत्या. साहेब म्हणाले, आता तसंच चालू दे, निदान सगळ्यांची चूक एकसारखी राहील. पुढे बगळी घेतलेला माणूस दुसरी स्कूटर चालवायला गेला की पडायचा. आता परदेशात कुणी जाणकार मंडळी या उलट्या गिअरवर लेख लिहितात म्हणे. डॉक्टरानं ते वाचून दाखवले होते. त्यात त्याला खास स्थानिक रचना असं म्हटलं होतं. ऐकायला मास्तर हवे होते.

शेवटी गाडी उस्तादांकडे जायची. उस्ताद प्रत्येक गाडी चालवून बघत. शेडच्या मागून, पाण्याच्या टाकीला वळसा घालून, भिंतीच्या कडेनं फाटकापर्यंत आणि परत. सुरुवातीला एका गाडीचा ब्रेक लागला नाही आणि उस्ताद भिंतीवर गेले. हाताला प्लास्टर घालून परत आले, तेव्हा मास्तरांसमोर उभे राहून एवढंच म्हणाले, "आजपासून ज्यानं ब्रेक जोडला, तो मागे बसणार."

तो नियम झाला. कुठे लिहिलेला नव्हता, पण कारखान्यातले लिहिलेले नियम जितके मोडले गेले तितका हा कधी मोडला नाही. एकदा वायरवाले तापानं घरी होते तर खुद्द मास्तरांनी ब्रेक जोडला आणि मास्तरच मागे बसले, धोतर आवरून. वायरवाल्यांना सुरुवातीला राग आला, मग भीती वाटली, आणि मग ती चक्कर हाच दिवसातला सगळ्यात चांगला वेळ झाला. तेल आणि पत्र्याच्या उकाड्यातून एकदम बाहेर. वारा. नव्या रंगाचा वास. उस्ताद मागे वळून कधी बघत नसत. ब्रेक दाबून गाडी जागच्या जागी उभी राहिली की नुसतं "हं" म्हणत. त्या एका "हं"साठी वायरवाले दिवसभर वायरी ओवत.

आता त्यातलं कुणीच उरलं नव्हतं. मास्तर गेले, जाड्या गेला, पंडित, मुका. उस्ताद तर सगळ्यांच्या आधी. त्यांना जाऊन इतका काळ झाला, की वायरवाल्यांना त्यांचा चेहरा नीट आठवत नसे. आठवायची ती पाठ.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी ते झोपले नाहीत. कूस बदलून भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

आधी बराच वेळ काही नाही. मग पुढच्या खोलीत पाना जमिनीवर पडला.

पाना पडणं यात घाबरण्यासारखं काही नाही. पण पुढची खोली केवढी? दोन खाटा टाकल्या तर माणसानं उभं राहायला जागा नाही. त्या खोलीत पडलेल्या पान्याचा आवाज लांब गेला. पत्र्याला जाऊन लागला, तिथून पलीकडच्या टोकाला गेला आणि विरत परत आला. वायरवाले उठून बसले. मग गाडा ढकलल्याचा आवाज आला, एक चाक कुरकुरणारा. ते चाक कधीच कुणी दुरुस्त केलं नव्हतं. आणि त्यावर, खालच्या पट्टीत, न थांबता, कुणाचीतरी बडबड. शब्द कळत नव्हते. लय कळत होती.

त्यांनी बोळातून जाऊन दाराला कान लावला. दार आतून तापल्यासारखं गरम होतं.

"अगं, ऐकू येतंय का तुला?" त्यांनी स्वयंपाकघराकडे हाक मारली.

"काय?"

"आवाज."

"येतोय की. रोज येतो," बायको आतून म्हणाली. "तुमची खुडबूड. चाळीत कुणी पिठाची गिरणी टाकल्यासारखी."

"मी इकडे आहे. बोळात."

"मग थांबली असेल."

खरंच थांबली होती. दार उघडलं तर खोली होती तेवढीच होती. चाकं लागली होती. मुक्याच्या पद्धतीनं, दोन्ही व्हॉल्व बरोबर तळाला.

बायकोला सांगावं असं त्यांच्या मनात आलं. पण काय सांगणार? मेलेली माणसं येऊन माझी स्कूटर जोडतायत, फक्त काम चांगलं करतात? ती ऐकून घेईल, पदरानं तोंड पुसेल आणि लेकीला फोन करेल. तिचं तरी काय चुकलं.

५

त्यानंतर सगळं थांबलं.

दुपारी आवाज नाही, काही जागचं हललेलं नाही. चादर रिकामी होती. फक्त वायरी तिच्यावर होत्या, ग्रीस लावलेल्या, ओवायच्या क्रमानं मांडलेल्या. क्लच, गिअर, गिअर, ब्रेक. तो क्रम वायरवाल्यांचा स्वतःचा होता. कारखान्यात गाडा समोर येऊन उभा राहायचा तेव्हा असंच असायचं. मागचा माणूस बाजूला व्हायचा. सगळे त्यांच्या हातांसाठी थांबलेले असायचे.

वायरवाले दोन-तीन दिवस खोलीकडे फिरकले नाहीत. शब्दकोडं सुटेना. डॉक्टरचा फोन आला, "काका, कुठवर आलं?"

"वायरींपाशी अडलंय."

"तुम्हीच अडलात तर कसं व्हायचं?"

तेच तर. हात शिवशिवत होते. जेवताना बोटं ताटाच्या कडेवर वायर ओवल्यासारखी फिरत. बायकोनं ते पाहिलं, हे त्याहून वाईट.

शेवटी एका सकाळी ते गेलेच आणि क्लचची वायर हातात घेतली. मग गिअरच्या, एकीवरून एक, उलट्या, नियमाप्रमाणे. हात एरवी चहाचा कप हिंदकळायचे, ते इथे एकदाही चुकले नाहीत. वायर आतल्या अंधारात वळणं घेत गेली आणि खाली बरोबर निघाली, तेव्हा त्यांना इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. कुणीतरी मागे उभं राहून बघतंय असं वाटत होतं, आणि कारखान्यात तर कुणीतरी नेहमीच असायचं.

ब्रेकची वायर त्यांनी उचलली आणि परत ठेवली.

ती जोडली की काम संपलं. काम संपलं की चक्कर, उस्तादांच्या मागे बसून. ती चक्कर टाकीवरून फाटकापर्यंत जाते आणि परत येते, पण टाकी पाडली, फाटक भंगारात गेलं. मग वळायचं कुठून? परत यायचं कुठे?

"ब्रेक तेवढा डॉक्टरला लावू दे," ते जेवताना म्हणाले. "हौस त्याची आहे."

"त्याला येतो का?"

"शिकेल."

बोलून झाल्यावर त्यांना स्वतःची लाज वाटली. दातांच्या डॉक्टरला दोन लहान मुलं होती. पण शब्द मागे घेतले नाहीत. आमटीत भाकरी कुस्करत राहिले.

"तुमचे हात कापतात म्हणून ना?" बायकोनं हळूच विचारलं. "मला सांगत नाही तुम्ही. उद्या लेक येतेय घ्यायला. गाडी अर्धी बघितली की ती काय म्हणेल, माहितीय मला."

त्यांनी आणखी आमटी वाढून घेतली. 

६

दुपारी त्यांना गाढ झोप लागली. इतक्या दिवसांची उधारी होती.

जाग आली ती बायकोच्या गुणगुणण्यानं. ती पुढच्या खोलीत होती. वायरवाले दारात आले तेव्हा ती पदराला ग्रीस पुसत उभी होती, केसांची बट कपाळावर आलेली, आणि चेहरा शाळेत बक्षीस मिळाल्यासारखा.

"बघा," ती म्हणाली. "लावला. इतके दिवस बघत होते तुम्हाला, त्यात काय मोठंसं? परकराला नाडी ओवायची तसं. आता लेकीला दाखवा, म्हणावं, पूर्ण केली बाबांनी. मी नाही सांगायची कुणाला."

वायरवाल्यांनी ब्रेककडे पाहिलं. गाठ थोडी मोठी होती, पण पक्की होती.

"दाबून बघितला," ती म्हणाली. "गाडी जागची हलत नाही."

"कधी लावलास?"

"आत्ताच. आणि डॉक्टरांचा माणूस पण येऊन गेला. बाहेर ओट्यावर आहे. दारातूनच म्हणाला, वहिनी, झालं का? म्हटलं, झालं. म्हणाला, मग चला, एक चक्कर. मी म्हटलं, थांबा, साडी बदलते. बरा वाटला. जुन्या वळणाचा. उजेडाकडे पाठ करून उभा होता, तोंड काही दिसलं नाही."

ओट्याकडचं दार अर्धं उघडं होतं. उंबऱ्यावर एक सावली पडली होती, ती हलत नव्हती.

लग्न झाल्यापासून वायरवाल्यांनी घरात कधी चटकन निर्णय घेतल्याचं कुणाला आठवत नाही. पडद्याच्या रंगाचासुद्धा नाही.

"साडी राहू दे," ते म्हणाले. "आधी चहा टाक. चांगला उकळू दे."

"त्यांनाही?"

"टाक तर खरा."

ती आत गेली. वायरवाले खाली बसले आणि पान्यासाठी हात लांब केला. पाना हातात आला. पेटी पलंगाखाली होती, हे त्यांना मागाहून आठवलं. त्यांनी बायकोनं मारलेली गाठ सोडली. वायर पूर्ण बाहेर ओढली, हातभर, सगळी, तिच्या ओवण्याचा माग राहू नये म्हणून. मग पुन्हा घातली. हात स्थिर होते. पहिलं वळण, दुसरं वळण, आतला अंधार, मग खालचं तोंड. स्वयंपाकघरात भांडं वाजलं. बाहेर कुणीतरी शांतपणे वाट बघत होतं. घाई करत नव्हतं. घाई त्यांनी कधीच केली नव्हती. वायरवाल्यांनी नट आवळला, पेडल दाबून पाहिलं, नट पाव फेरा सैल केला, परत दाबलं.

"ब्रेक मी जोडलाय," ते दाराकडे न बघता म्हणाले, कारखान्यात म्हणायचे तशा आवाजात. "तिनं नाही. हे बघून घ्या."

 मग उंबऱ्यावरची सावली गेली, आणि गाडी स्टँडवरून उतरल्याचा आवाज झाला. तिला त्यांनी हात लावला नव्हता. टाकीत पेट्रोलही नव्हतं. बगळी मान वळवून उताराच्या फळीवरून रस्त्यावर गेली. तिच्या पुढच्या सीटवर कुणीतरी होतं. उन्हात इतकंच दिसलं, खाकी शर्टाची कॉलर आणि तिच्यावरची मान, मागून कापलेल्या आखूड केसांची. किक बसली आणि इंजिन लागलं, पंडितांनी बसवलेलं इंजिन लागायचं तसं, पहिल्या झटक्यात.

वायरवाले उठले. त्यांनी चप्पल घातली.

"साखर किती घालू त्यांना?" बायको आतून ओरडली.

"त्यांच्यासाठी नको ठेवूस," ते म्हणाले. "आम्ही एक चक्कर मारून येतो."

"निवेल हां चहा."

"झाकून ठेव."

रस्ता दुपारचा होता, दोन्ही बाजूंनी रिकामा. एका घराच्या गच्चीत कपडे वाळत होते. वायरवाल्यांनी पाय पलीकडे टाकला, गुडघा कुरकुरला, आणि ते मागे बसले. समोरच्यानं वळून पाहिलं नाही. धरायला काही तरी हवं म्हणून त्यांनी हात पुढे केला.

खांदा होता.